त्याला सांग

“त्याला सांग, नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही.”

बाबा हे मला म्हणाले. ज्याला सांगायचं तो, माझा थोरला भाऊ मुकुंद, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी मान वळवून म्हटलं, “दादा, नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही.”

“बाबांना सांग, नारळ आणलाय,” दादा म्हणाला.

कॅलगरी शहराबाहेर, भाड्याने गाड्या देणाऱ्या एका आवारात आम्ही तिघं उभे होतो. फेब्रुवारीतली सकाळ होती. बाबांच्या कानटोपीच्या कडेला त्यांच्याच श्वासाचं पांढरं हिव जमलं होतं. समोर आमची मोटरहोम उभी होती. तोंड ट्रकचं आणि मागे घर. दोन बिछाने, टेबल, शेगडी, कपाटाएवढा संडास. पुढचे चार दिवस आम्ही तिच्यात राहणार होतो. दादा बर्फावर स्की करणार होता आणि शेवटच्या दिवशी बाबांना हिमनदी दाखवणार होता.

आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा दादाने कॅनडातून फोन करून “निघालोय” म्हणून सांगितलं आणि तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहून बाबांनी अग्नी दिला. त्या दिवसापासून ते दादाशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत. दादाचा फोन आला की माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, “त्याला सांग, इकडं सगळं बरं आहे.” मी सांगायचे. तो म्हणायचा, “बाबांना सांग, तब्येत जपा.” तेही मी सांगायचे. गडहिंग्लजच्या बँकेत दिवसभर लोकांशी डोकं लावून घरी यायचं आणि वर ही हमाली करायची. मला दोघांचाही राग यायचा, पण दोघांपैकी कुणालाही तो दाखवायची सोय नव्हती.

बाबांनी जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला. फळ्यावर खडू आडवा धरून ते हिमनदी काढायचे ती बघायला शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा दारात यायची. प्रत्यक्षात त्यांनी बर्फ पाहिला होता तो रसाच्या गाड्यावरचा. एके दिवशी ते आपण होऊन म्हणाले, “त्याला विचार, हिमनदी त्याच्या घरापासून किती लांब आहे.” दादाला तेवढं पुरलं. महिन्याभरात आमची तिकिटं आली.

पण कॅलगरीच्या घरातही तेच. बाबा खालच्या खोलीत, दादा वरच्या मजल्यावर आणि मी जिन्यात. आमची परत जायची तारीख जवळ आली तेव्हा दादाने मोटरहोमचं काढलं. वहिनी आणि त्याची छोटी मुलगी सई घरी थांबतील, आपण तिघंच जाऊ म्हणाला.

“घरात प्रत्येकाला पळून जायला खोली आहे, वैजू. गाडीत कुठं जातील?”

“आणि नाहीच बोलले तर?”

“मग नाहीच बोलणार. या वयात ते परत कधी येणार आहेत इथं?” एवढं म्हणून तो भांडी पुसायला लागला. पुसलेलीच परत पुसत होता.

गाडी ताब्यात देणारी बाई ठेंगणी आणि घाईतली होती. तिने भराभर सगळं दाखवलं. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून नळ रिकामे केलेत, पाणी कॅनमधून घ्या. हीटर गॅसवर आहे, त्याचा पंखा बॅटरीवर. बॅटरी उतरली तर जनरेटर लावा, पण त्याचा धूर जिथून बाहेर पडतो तिथे बर्फ साचू देऊ नका. छताला एक पांढरी डबी होती. धूर झाला किंवा विषारी वायू आत आला की ती ओरडते, तिला हात लावू नका. दादा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. बाबा पिशवीतून कुंकवाची डबी शोधत होते.

गाडी भाड्याची आहे, चार दिवसांनी परत द्यायची आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. “रस्ता तर भाड्याचा नाही ना?” ते म्हणाले. मग चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी आवाराच्या कठड्यावर नारळ फोडला. पाणी सांडलं आणि बघता बघता गोठलं. आत येऊन त्यांनी स्टिअरिंगच्या वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, उदबत्ती लावली आणि ताटलीत कापूर पेटवून आरती सुरू केली. ताटली दादाने धरली होती. बाबांनी त्याला ती धरायला सांगितली नव्हती, पण काढूनही घेतली नाही.

दुसरं कडवं सुरू झालं आणि छतावरची डबी किंचाळली.

बाबा गप्प झाले. आवाज इतका कर्कश होता की मी कानांवर हात ठेवले. पण बाबांच्या तोंडावर जे आलं ते आवाजामुळे नव्हतं. आरती मोडली होती, निघायच्या आधीच. दादाने ते बघितलं. ताटली माझ्या हातात देऊन तो सीटवर चढला, डबीचं बटण दाबून पाहिलं, ती थांबेना तसं झाकण उघडून त्याने आतली बॅटरी ओढून काढली.

सगळं शांत झालं. बाबांनी वर बघितलं, दादाच्या तोंडाकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“त्याला सांग, बरं केलं,” ते म्हणाले आणि आरती जिथे मोडली होती तिथून पुढे सुरू केली.

नंतर दादा बॅटरी परत बसवायला निघाला तर बाबाच म्हणाले, “त्याला सांग, राहू दे. तू फोडणी टाकलीस की परत बोंबलायचं ते.” दादा हसला आणि बॅटरी जॅकेटच्या खिशात टाकली. सहा वर्षांनी बाबांनी त्याला बरं म्हटलं होतं. त्या सकाळी बाबांनी म्हटलं असतं तर त्याने गाडीचं छतसुद्धा काढून ठेवलं असतं.

रस्ताभर मी पुढच्या दोन सीटच्या मधे मान घालून बसले. “त्याला विचार, ही झाडं कसली.” “बाबांना सांग, स्प्रूस.” “त्याला सांग, मला अंघोळीशिवाय चहा जात नाही.” “बाबांना सांग, कॅनमधल्या पाण्यात टॉवेल भिजवून देतो.” एका वळणावर गाडी थोडी घसरली तेव्हा बाबांनी दादाच्या दंडाला धरलं, आणि सरळ झाल्यावर म्हणाले, “त्याला सांग, सावकाश.” मला हसू आलं. दादाला आलं नाही.

स्कीच्या डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावायला मोठं मैदान होतं. रात्र तिथे काढून सकाळी आम्ही उतारावर गेलो. दादा वरून खाली आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. नेहमी खांदे पाडून चालणारा माझा भाऊ, तिथे कमरेत झुलत असा मजेत उतरत होता की बघत राहावं. बाबा कुंपणाला टेकून बघत होते. मग त्यांची नजर बाजूच्या लहान उतारावर गेली, जिथे चार-पाच वर्षांची मुलं शिकत होती.

“त्याला विचार, म्हाताऱ्यांना चालतं काय.”

मी विचारायच्या आधीच दादाने पायातल्या स्की काढल्या. तो धावत गेला आणि बाबांच्या मापाचे बूट आणि स्कीच्या लांब पट्ट्या घेऊन आला. गुडघ्यावर बसून त्याने बाबांचे बूट आवळले. मला कुंपणाच्या आत येऊ देईनात, कारण माझ्या पायात साधे बूट होते.

म्हणून ते दोघंच गेले. दादा उलटा, बाबांच्या तोंडाकडे तोंड करून, त्यांचे दोन्ही हात धरून हळूहळू मागे सरकत होता आणि बाबा लाकडासारखे ताठ होऊन पुढे येत होते. उतार जरा वाढला. बाबांनी मला शोधायला मान वळवली. “वैजू,” अशी हाक ऐकू आली. मी लांब होते. मी दोन्ही हात वर करून दाखवले, इथून मी काय करणार?

तेव्हा बाबा मोठ्याने ओरडले, “मुकुंदा, सोडू नकोस!”

दादा जागच्या जागी थबकला. उतारावर थबकून चालत नाही. दोघंही पडले, दादा खाली आणि बाबा त्याच्या अंगावर. मी कुंपणावरून वाकून बघत होते. बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं, लागलं. मग त्यांचा आवाज आला.

“सोडू नकोस म्हटलं तर पाडलंस की रे!”

ते हसत होते. दादा बर्फात पाठीवर पडून राहिला होता आणि हातमोज्याने डोळे पुसत होता.

संध्याकाळी मी पिठलं केलं. डबी गप्प होती, त्यामुळे फोडणी बिनघोर टाकली. दोघं टेबलाशी समोरासमोर बसले होते. मग बाबांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, थेट त्याला.

“का आला नाहीस?”

मी शेगडीकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर जायला जागा नव्हती.

“विमानतळावर आलो होतो, बाबा,” दादा म्हणाला. “बॅग पुढं गेली होती. दारापाशी सगळे रांगेत उभे राहिले आणि मला उठताच येईना. आई नसलेल्या घरात पाऊल टाकायचं माझ्यानं होईना. बसून राहिलो. विमान गेलं.”

“एक फोन करायचास.”

“लाज वाटली. मग दिवस गेले तशी जास्तच वाटायला लागली.”

बाबांनी टेबलावरचा हात उचलला आणि परत ठेवला. “तिला बर्फावर ठेवलं होतं रे,” ते म्हणाले. “कारखान्यातनं लाद्या आणल्या. रात्रभर मी फडक्यानं पाणी टिपत होतो, तिची साडी भिजू नये म्हणून. लाद्या विरघळायच्या, परत आणायच्या. तू येशील म्हणून.”

आणि ते रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते, अग्नी देताना नाही, तेराव्यालाही नाही. दादाने उठून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस त्या अरुंद जागेत गुडघे मुडपून बसला. बाबांचा हात त्याच्या डोक्यावरून फिरत होता. जरा वेळाने ते म्हणाले, “टक्कल पडायलंय की तुला.” आणि मग, “ऊठ, मुकुंदा. जेव आता. पिठलं गार होतंय.”

मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. मी आपली तीन ताटं वाढली. इतकं हलकं मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. बाबांच्या मांड्या आखडल्या होत्या. दुपारचं जेवण झाल्यावर ते म्हणाले, “तुम्ही दोघं जावा फिरून. मी जरा पडतो.” मग दादाला, अगदी सहज, जसं काही मधली वर्षं नव्हतीच, “मुकुंदा, ते मशीन चालू ठेव. हीटर बंद पडला तर गारठायचं मला.”

दादाने जनरेटर लावला. खाली वाकून धूर बाहेर पडायची जागा बघितली, फावड्याने भोवतालचा बर्फ काढून साफ केली. बाबांच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं. “येतोच, बाबा,” म्हणाला. बाबांनी डोळे मिटूनच हात हलवला.

आम्ही डोंगराखालच्या हॉटेलात कॉफी पीत बसलो. दादा लहानपणचं काय काय बोलत होता. उद्या हिमनदीपाशी बाबांचा फोटो कसा काढायचा तेही ठरवून झालं. परत आलो तेव्हा मैदानातला बर्फ हटवणारी मोठी गाडी फिरून गेली होती. तिने रस्ता मोकळा केला होता आणि सगळा बर्फ उभ्या गाड्यांच्या बाजूला सारला होता. आमच्या मोटरहोमची एक बाजू खिडकीपर्यंत बर्फात गेली होती. जनरेटर त्याच्या आत घुमत होता, धूर मात्र कुठूनच बाहेर येत नव्हता.

दादा पळाला. पावसाळ्यात पाय घसरून पडतात तसा दोनदा पडला आणि परत उठून पळाला.

बाबा बिछान्यावर होते. उलटी झाली होती. श्वास चालू होता, पण हाका मारून, गालावर मारून ते डोळे उघडेनात. दादाने त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं आणि बर्फावर झोपवलं. “बाबा, बाबा,” एवढंच म्हणत होता. मी लोकांना ओरडून बोलावलं. मदतीला फोन करायला दादाने खिशात हात घातला तर फोनच्या आधी हातात ती बॅटरी आली. आरतीची ताटली धरलेल्या बोटांचं कुंकू अजून तिला लागलेलं होतं. त्याने ती बघितली. मग मोटरहोमच्या उघड्या दारातून आत, छताकडे बघितलं. डबीचं झाकण लोंबत होतं.

दवाखान्यात त्याने डॉक्टरांना स्वतः सगळं सांगितलं. मी म्हटलं, बाबाच राहू दे म्हणाले होते. तो म्हणाला, “काढली मी.”

काही दिवस नुसते नळ्यांकडे बघण्यात गेले. मग एका सकाळी बाबांनी डोळे उघडले. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला दादा, बाबांचा हात दोन्ही हातांत धरून. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “वैजू.” आवाज बारीक होता, पण त्यांचाच होता. मला रडू फुटलं.

मग त्यांनी मान वळवली, दादाकडे बघितलं आणि त्याच्या हातातला आपला हात सावकाश काढून घेतला.

“त्याला सांग,” ते मला म्हणाले, “मला घरी पाठव म्हणावं.”

आम्ही हसलो. थट्टा करतायत असं वाटलं. दादा तर पुढे वाकून म्हणाला, “बाबा, परत पाडू का बर्फात?” बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. “तो काय बोलायलाय?” त्यांनी मला विचारलं.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. त्या विषारी वायूने बाबांच्या डोक्यातले मागचे काही महिने पुसले गेले होते, आणि नवीन काही फार वेळ टिकणार नव्हतं. जुनं सगळं जागेवर होतं. गडहिंग्लजचं घर होतं, वर्गातल्या पोरांची नावं होती, आई होती, बर्फाच्या लाद्या होत्या आणि न आलेला मुलगा होता. “मुकुंदा, सोडू नकोस” तेवढं नव्हतं. ते आता आमच्या दोघांकडेच होतं.

हिमनदी राहिलीच. मी त्यांना घेऊन गडहिंग्लजला परत आले.

दिवाळीला दादा आला. आल्या आल्या तो बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि विमानतळाचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाबांनी ऐकलं. फोन का केला नाहीस विचारलं. तिला बर्फावर ठेवलं होतं रे, म्हणाले. रडले. दादाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “टक्कल पडायलंय की तुला.” मी दारात उभी होते. शब्द तेच होते, त्याच क्रमाने. दुपारी ते झोपून उठले आणि मला म्हणाले, “तो कधी आलाय? त्याला सांग, चहा ठेवलाय.”

दुसऱ्या दिवशी दादाने परत सांगितलं. परत सगळं झालं. तिसऱ्या दिवशी लाद्यांपर्यंत आल्यावर बाबांना श्वास लागला. मी त्यांना पाणी दिलं, झोपवलं आणि दादाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“बास कर,” मी म्हटलं.

“ते माफ करतात, वैजू. दर वेळी करतात. तेवढा वेळ तरी बोलतात माझ्याशी.”

“तुला माफी मिळते. त्यांना काय मिळतं? त्यांना रोज उठून आईला बर्फावर ठेवायला लागतं.”

तो ओट्याला टेकून उभा राहिला. दूध उतू गेलं आणि दोघांनीही गॅस बंद केला नाही, एवढं आठवतं. शेवटी म्हणाला, “बरोबर आहे तुझं.”

त्यानंतर बाबा आणखी काही वर्षं होते. दादा दर दिवाळीला यायचा. ते गेले तेव्हा तो आधीच येऊन बसला होता, लाद्या आणायची वेळ आली नाही. पण विमानतळाचं त्याने पुन्हा कधी काढलं नाही.

त्या दिवशी, ओट्यापाशी उभं राहून झाल्यावर, मी ताटं घेतली. बाबा उठून आले आणि आपल्या पाटावर बसले. दादा त्यांच्या शेजारच्याच पाटावर होता, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर. त्याने घासही उचलला नव्हता. बाबांनी दोन-चार घास खाल्ले आणि माझ्याकडे बघितलं.

“त्याला विचार, जेवला काय.”

मी दादाकडे बघितलं. त्याच्या ताटातला भात तसाच होता.

“बाबांना सांग,” तो म्हणाला, “जेवलो.”

मी बाबांकडे वळले आणि सांगितलं, “जेवला म्हणतोय.”